नावाची राखण

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात स्वतःच्या नावाला माझ्या भाटव्यांइतकं जपणारा माणूस दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन मोहाडीला राहतात. लोक निवृत्तीनंतर नातवंडं खेळवतात, भजनाला जातात. यांनी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा उतारा, धरला. आपल्या नावावर कोणीतरी परस्पर कर्ज उचलेल आणि आपल्याला पत्तासुद्धा लागणार नाही, ही एकच धास्ती त्या माणसाच्या जिवाला. असे रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार, प्रत्येकीचा एक रिपोर्ट वर्षाला फुकट, हे कळल्यावर त्यांनी वर्षाची वाटणीच करून टाकली: एक धानाच्या रोवणीच्या आधी, एक दसऱ्याला, एक संक्रांतीला आणि एक अक्षय तृतीयेला. त्या दिवशी सकाळीच आंघोळ, कपाळाला गंध, मग चष्मा लावून मोबाईलवरचा रिपोर्ट मोठ्यानं वाचायचा. समोर बहीण तांदूळ निवडत बसलेली. दर ओळीला तिनं हूं म्हणायचं. एकदा बिचारी विसरली, तर यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

आधारच्या प्रत्येक झेरॉक्सवर ते तारीख घालून आडवं लिहायचे, ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’. बिघडलेली प्रत दुकानदाराकडून मागून घ्यायचे आणि तिथंच उभं राहून तिचे इतके बारीक तुकडे करायचे, की दुकानदारानं शेवटी झाडू त्यांच्याच हातात दिला. मुलाच्या लग्नाच्या बायोडाटात जन्मतारीख छापू देईनात. पत्रिका जुळवायची तर गुरुजींच्या कानात सांगीन म्हणाले. मुलीकडच्यांना वाटलं पोरगा चाळिशीपलीकडचा असणार. दोन चांगली स्थळं हातची गेली आणि बहीण महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मी हसायचो. खरं सांगतो, फार हसायचो. लग्नाकार्यात त्यांची नक्कल करायचा मान माझाच असे.

आमच्या सिहोऱ्याकडे धान विकायचं तर आधी सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी लागते. आमच्या गल्लीची रीत अशी, की सगळ्यांचे सातबारे, आधार आणि पासबुकांच्या झेरॉक्सा एका पिशवीत टाकायच्या आणि त्या दिवशी जो कोणी केंद्रावर जात असेल त्याच्या हातात पिशवी द्यायची. कागद कमी पडू नयेत म्हणून मी तर आधारच्या पाच-सहा जास्तीच्या प्रतींवर सह्या ठोकून देत असे. भाटवे दसऱ्याला सोनं द्यायला आले होते, तेव्हा जेवताना हे त्यांच्या कानावर गेलं. घास हातातच राहिला. आत्ताच्या आत्ता तुमचा रिपोर्ट पाहतो म्हणाले, फक्त तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल तेवढा सांगा. घरभर माणसं बसलेली, मला चेव आला.

“भाऊजी, ओटीपी कोणाले सांगू नये, हे तुमीच शिकवलं ना आमाले?”

सगळे पोट धरून हसले. भाटवेही हसले. मग त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि पुढचा घास घेतला.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या पोरीला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. बारावीपासून तिचा तोच एक ध्यास. शिक्षणकर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी माझ्या नावावरच्या दोन मोटारसायकली काढून दाखवल्या. घेतल्या होत्या मी कधी पाहिलंही नाही अशा गावात, आणि एकही हप्ता भरलेला नव्हता. माझ्या दारात एक सायकल, तीही जुनी. दोन्ही कर्जं दसऱ्याच्या आधीची होती. कोणी उचलली ते आजही कळलं नाही. ती पिशवी किती हातांतून फिरते ते कोणी मोजलंय? साहेब माणूस चांगला, पण बापाचं नाव साफ झाल्याशिवाय पोरीचं कर्ज पुढं सरकेना.

मी भाटव्यांना फोन केला. दोन गोष्टी ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. ते पुढच्याच बसनं आले आणि त्यातली एकही ऐकवली नाही. ठाण्यात तक्रार, फायनान्सवाल्यांना अर्ज, चारही रिपोर्टवाल्या कंपन्यांना अर्ज, सगळं त्यांनी स्वतः लिहिलं. भंडाऱ्याला किती खेपा घातल्या, त्याचा हिशेब मलाही ठाऊक नाही. पण प्रवेशाची शेवटची तारीख काही आमच्यासाठी थांबली नाही. पोरीनं भरून ठेवलेली बॅग रिकामी केली, कपडे परत कपाटात लावले आणि माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

नाव साफ झालं ते थंडीत. भाटवे रिपोर्ट छापून घेऊन आले. मी हात पुढं केला, पण ते मला ओलांडून पोरीजवळ गेले आणि कागद तिच्या हातात ठेवला.

“बेटा, तुह्या बापाचं नाव साफ झालं. तुहं वर्ष काही मले वापस आणता नाही आलं. दसऱ्यालेच मी जिद्द धराले पाहिजे होती. माफ कर मले.”

पोरगी त्यांच्या पाया पडली आणि बॅग रिकामी केली त्या दिवसापासूनचं सगळं रडून घेतलं. मी दाराशी उभा होतो. ती माफी मागायची होती मी. भाटवे मागून मोकळे झाले आणि चहा न घेताच चारच्या बसनं गेले. पोरीनं यंदा पुन्हा फॉर्म भरला आहे. माझ्याशी बोलतेही आता नीट. मी मात्र तिला ते वाक्य अजून म्हटलेलं नाही. रोज जेवताना तोंडाशी येतं, आणि मी म्हणतो, थोडी भाजी वाढ.