फाटल्याशिवाय नवं नाही

सुती कापड असतं तर आमच्या घरातल्या पोरींचं भलं झालं असतं. सुती कापड विटतं, विरतं, धुण्याच्या दगडावर मार खाऊन खाऊन एक दिवस जीव सोडतं, आणि मग कोणाची परवानगी न घेता नवं आणावं लागतं. पण शाळेच्या बँडचा आमचा किल्ट टेरीवूलचा होता. थोडी लोकर, बाकी पॉलिस्टर. तो मेला नाही. वडील गेले, शेजारी बदलले, आम्हा दोघी बहिणींची लग्नं झाली, किल्ट मात्र जसाच्या तसा. त्या कापडाचा मला जितका संताप येतो तितका कुठल्या माणसाचाही येत नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत असे. आता कळतं की राग माणसांवरच होता. कापड बिचारं उगाच शिव्या खात होतं.

वडील, म्हणजे आमचे आबा, दीपनगरला वीज केंद्रात फिटर होते. मूळचे आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. घरात आईशी अहिराणी बोलायचं, एरवी शाळेची मराठी. शाळेत मुलींचा बँड होता. चार-सहा ढोल, दोन बिगुल आणि पिशवीत हवा फुंकून वाजवायचा एक मशकबाजा, जो वाजायचा कमी आणि रडायचा जास्त. बँडच्या मुलींना लाल-हिरव्या चौकड्यांचा किल्ट असे. मागे बारीक चुण्या, पुढून एकावर एक येणारे दोन पदर, कमरेला चामड्याचे पट्टे आणि लांबी गुडघ्यापर्यंत. बँडच्या बाई त्याला किल्ट म्हणत. आई म्हणे 'बँडना घागरा'.

अक्का, माझी मोठी बहीण, आठवीत ढोलासाठी निवडली गेली तेव्हा तो घरात आला. बाईंनी बजावलं होतं की महागाचं कापड आहे, जपा. आईने ते व्रतासारखं घेतलं. धुण्याआधी एकेक चुणी पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टाचून घ्यायची, म्हणजे घडी मोडत नाही. गार पाणी, रिठ्याचा फेस. पिळायचा नाही, नुसता निथळायचा. सावलीत वाळवायचा, तोही कमरेकडून अडकवून, म्हणजे चुण्या आपल्या वजनाने सरळ पडतात. घासून घासून कापडावर बारीक गोळे आले की आबांच्या जुन्या ब्लेडने ते हलक्या हाताने उतरवायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम इस्त्रीचा. टेरीवूलवर इस्त्री कधीही थेट ठेवायची नाही. मध्ये ओलं फडकं हवंच. नाही तर कापड आधी चकाकतं, मग वितळतं, आणि त्याला औषध नाही.

मला गोवर झाला तेव्हा आईने माझी जेवढी काळजी घेतली, तेवढी ती त्या घागऱ्याची दर आठवड्याला घेत असे. हे मी चिडून लिहिते आहे, पण खोटं लिहीत नाही.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला आबांचे मोठे भाऊ, नाना, गावाहून आलेले होते. आबा त्यांना मोठ्या हौसेने मैदानावर घेऊन गेले. अक्का पहिल्या रांगेत होती. तशी ती घरात कोणाशी धड बोलायची नाही, पण ढोल गळ्यात पडला की तिची मान ताठ व्हायची. मी खाली बसून टाळ्या पिटत होते. नानांनी मैदानावर सगळं बघून घेतलं. घरी येऊन पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि मग म्हणाले, "पोर गुडघा उघडा टाकीसन ढोल वाजाडस, नि बाप हसत बसस. लाज शे का नही?"

आता आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात कोणी 'नाही' म्हणत नाही. पोरीला नाही म्हणायला जी हिंमत लागते ती आमच्या पुरुषांपाशी नाही, आणि हो म्हणायला लागते ती तर नाहीच नाही. मग अशा वेळी एखादी वस्तू पुढे करायची आणि आपण तिच्या मागे लपायचं. आबांनी अक्काला बँड सोड म्हटलं नाही. ते आईला म्हणाले, "घागरा जरा लांब कर." आईने खाली वीतभर रुंदीची काळी पट्टी जोडली, तीही इतक्या सुबक टाक्यांनी की शिंप्याने बघत राहावं. बाईंनी ती पाहिली आणि सांगितलं की रांगेत सगळ्यांचा किल्ट एकसारखा हवा. पट्टी काढा, नाही तर रांगेबाहेर उभी राहा. त्यांचंही काही चुकलं नाही.

अक्का घरी आली. आबा म्हणाले, "शाळेला पट्टी चालत नाही, त्याला आपण काय करणार?" आणि खांदे उडवून ड्यूटीवर गेले. झालं. अक्काला बँडमधून आबांनी काढलं नाही, नानांनी काढलं नाही, बाईंनी काढलं नाही. पट्टीने काढलं. असा साळसूदपणा मी नंतर मोठमोठ्या कचेऱ्यांतही पाहिला, पण इतका सफाईदार नाही.

अक्का रडली नाही. ढोल परत करून आली आणि कणीक मळायला बसली. मला वाटलं होतं, ती परात तरी आपटेल.

मग माझी पाळी. मीही निवडले गेले, आणि आई खरोखर आनंदाने म्हणाली, "नवा कसाले? घरमा शे ना!" डांबरगोळ्यांचा वास मारणारा तो घागरा पेटीतून निघाला, काळ्या पट्टीसकट. आमच्याकडे कायदा एकच, फाटल्याशिवाय नवं नाही. ताट असो, चप्पल असो, गादी असो. वस्तू धड असताना दुसरी आणणं म्हणजे माज. आणि हा घागरा तर फाटायचं नाव घेत नव्हता. मी एका दुपारी ब्लेड घेऊन सगळी पट्टी उसवली. आईने संध्याकाळी ती पुन्हा शिवली. रागावली नाही, दोरा दाताने तोडत शिवत राहिली. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं! मी रडले, ओरडले, जेवले नाही. आबा म्हणाले, "अगं, जा की बँडला, कोण नको म्हणतंय?" या वाक्याने आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

मी बँडला गेले नाही. घागरा धुऊन, वाळवून, फडक्यात गुंडाळून परत पेटीत गेला. दर दिवाळीला आई तो बाहेर काढून झटकायची. हे पुढे कित्येक वर्षं चाललं.

हे सगळं उगाळायचं कारण मागच्या दिवाळीत घडलं. आता मी जळगावला असते, अक्का धुळ्याला. आबांच्या मागे धाकटा भाऊ त्याच केंद्रात लागला, तशाच क्वार्टरमध्ये राहतो, आणि आई त्याच्याकडे असते. भाऊबीजेला आम्ही दोघी पोचलो तर भाची दारातच उड्या मारत होती. शाळेच्या बँडमध्ये तिची निवड झाली होती. त्याच शाळेच्या, त्याच लाल-हिरव्या चौकड्यांच्या बँडमध्ये. आणि ढोलासाठी!

मी तिला मिठी मारली. आत गेले तर आई पेटीशी बसलेली. मांडीवर तो घागरा. रंग तसाच, चुण्या तशाच धारदार. खाली काळी पट्टी. आई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "देख, इतला वरीस व्हयनात, पन एक टाका उसवना नही."

मी भावाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "चांगला आहे की गं. असताना नवा कशाला? आणि लांबीलाही बरा आहे, नाना अजून आहेत, ऐकलं तर उगीच..."

"शाळेत पट्टी चालते का?" मी विचारलं.

"बघू. नाही चालली तर आपण काय करणार?"

तोच आवाज. तेच खांदे. आबांची क्वार्टर गेली पण खांदे राहिले! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो आवरेना. मी त्याला भित्रा म्हटलं, आईला घागऱ्याची रखवालदार म्हटलं, नव्वदीच्या नानांनाही सोडलं नाही. तुझ्या लेकीला नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हण, असं चार वेळा सांगितलं. भाऊ म्हणाला, "मी कुठे नाही म्हणतोय?" वहिनीने चहा आणला. भाची दाराच्या कडेला उभी राहून कधी माझ्याकडे, कधी घागऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरत चालला होता. माझ्या ओरडण्याचा उपयोग शून्य. आमच्या घरात माझा राग म्हणजे पंख्याचा आवाज, सुरू आहे म्हणून कोणी काम थांबवत नाही.

अक्का इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती. ती आतल्या खोलीत टेबलावर पांघरूण घालून संध्याकाळच्या ओवाळण्यासाठी सगळ्यांचे कपडे इस्त्री करत होती. भावाचा सुती झब्बा झाला. मग बाहेर येऊन तिने आईच्या मांडीवरून घागरा उचलला.

"आन, मी फिरावस इस्तरी," ती म्हणाली. आई खूश झाली. म्हणाली, "फडकं वल्लं कर बरं."

मला अक्काचाही राग आला. म्हटलं, घ्या, हीसुद्धा त्यांच्यातच. बोलायचं नाही, भांडायचं नाही, वर इस्त्री फिरवून द्यायची! मी पुन्हा भावाकडे वळणार, तेवढ्यात वास आला. केस जळल्यासारखा, त्यात प्लॅस्टिक वितळल्यासारखा. आम्ही सगळे आत धावलो.

अक्काने घागऱ्याचा वरचा पदर टेबलावर नीट पसरला होता, एकही सुरकुती न ठेवता. इस्त्री सुतीच्या आकड्यावर होती आणि बरोबर मधोमध ठेवलेली होती. अक्काचा हात तिच्यावर होता. बारीक धूर निघत होता. तिने सावकाश इस्त्री उचलली, तशी कापडाची एक कातडी तिला चिकटून वर आली. खाली इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक.

आई पुढे आली. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथलं कापड आता काचेसारखं कडक झालं होतं. तिने नखाने ते खरवडून पाहिलं. इतकी वर्षं जिने त्याला ऊन लागू दिलं नाही, ती बाई त्या क्षणी मला फार म्हातारी दिसली. माझा राग तिथे थोडा अडखळला, हे सांगितलं पाहिजे. मग आईने विचारलं, अगदी हळू, "वल्लं फडकं इसरी गई का व?"

"नही माय," अक्का म्हणाली. "इसरनू नही."

दिवे लागल्यावर भावाला पाटावर बसवलं. आधी मी ओवाळलं, तोंड फुगवून. मग अक्काने. टिळा लावला, अक्षता टाकल्या, ताट फिरवलं. भावाने रिवाजाप्रमाणे साडीची पिशवी ताटात ठेवायला हात पुढे केला. अक्काने ताट मागे घेतलं.

"साडी राहू दे, पॉलिस्टरची असेल, टिकेल," ती म्हणाली. "घरात आता घागरा नाही. पोरीला नवा आण, शाळेच्या मापाचा. नाहीतर तिला नाही म्हण. पण तुझ्या तोंडाने म्हण, आत्ता, इथे, माझा दिवा जळतोय तोवर."

अक्का एवढं सलग बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. भाची समोरच बसली होती. भावाने तिच्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं, आई वातीकडे बघत होती. लपायला काहीच नव्हतं. एवढा मोठा माणूस, कपाळाला ओला टिळा, आणि घाम फुटलेला. वात फडफडायला लागली तरी अक्काचा हात हलला नाही.

"किती लांब असतो गं तो?" अखेर त्याने लेकीला विचारलं.

तिने बसल्या बसल्या हाताने गुडघा दाखवला.

"बरं," भाऊ म्हणाला. "उद्या आणू." अक्काने ताट त्याच्या पुढे केलं.

जेवताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. हा एक शब्द, 'बरं'! एवढासा, वाटाण्याएवढा. तो आबांच्या तोंडून निघाला असता तर आई पट्टी शिवत बसली नसती, आणि अक्का पन्नाशीला टेकून इस्त्रीशी उभी राहिली नसती. तिच्या बोटाला पोळलं होतं. मी बर्फ लावायला गेले तर तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "राहू दे. हा ढोलाचा हात आहे, याला सवय आहे."