नवस सुनेचा, दंडवत माझे

आमची आई एकदा नवस बोलली की तो परत घ्यायची सोय नसते. एका वर्षी बोकड हरवला, तर 'सापडला तर तोच तुला देईन' असं ती देवाला बोलून बसली. बोकड सापडला. आपण कशासाठी सापडलो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मागच्या पौषात ती माझ्या बायकोसाठी नवस बोलली.

बायको चंद्रपूरकडची. मी तिकडं सिमेंटचे ट्रक चालवत होतो तेव्हा जमलं. आपल्याला सिकलसेल आहे, हे तिनं पहिल्याच चहाला सांगितलं आणि माझंही रक्त तपासायला लावलं. दोघांच्या रक्तात हे असेल तर पोरांना हाच आजार होण्याची भीती मोठी. माझ्यात काही निघालं नाही, तेव्हा कुठं बाईसाहेब हो म्हणाल्या.

पण वडूजच्या बाजूची आमची थंडी तिनं तपासली नव्हती. पौषात आमच्याकडं कोंबडा आरवायला तोंड उघडतो आणि विचार बदलून मिटतो. त्या थंडीत तिची दुखणी उठली. हातापायांची हाडं कुणी आतून पिळतंय असं दुखणं. साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं. आई बाहेरच्या बाकावर बसून देवाला म्हणाली, "पोरगी धड घरी येऊ दे. म्होरल्या जत्रंला तिला वल्या अंगानं दंडवत घालाय लावते."

म्हणजे पहाटे आडाच्या पाण्यानं अंघोळ आणि ओल्या लुगड्यानं वेशीपासून देवळापर्यंत, जमिनीवर आडवं पडत, उठत, पुन्हा पडत जायचं. जे दुखणं थंडीनं आलं, ते गेलं म्हणून हे!

पोरगी धड घरी आली. वर्ष फिरलं, पौषातली जत्रा जवळ आली. मी आईला समजवायला गेलो, तर ती म्हणाली, "देवाला तू सांगतूस का? जा, सांग जा." बायकोनं तर माझं अवसानच काढून घेतलं. म्हणाली, "घालते मी दंडवत. आई आतून झुरून राहिल्या. आठ दिवस दवाखान्यात राहीन, अजून काय?"

ते 'अजून काय' ऐकलं आणि मी गाडीची किल्ली घेतली.

मग मी आईला म्हणालो, सांगलीत लुगडी लय स्वस्त झालीत. ती तडक गाडीत बसली, मागं बायको. मी गाडी नेली माधवनगरला. तिथं एका शाळेच्या खोलीत महिन्यातून एकदा आमच्यासारखी चार घरं जमतात. आमच्या सातारा-सांगलीत हा आजार तसा विरळा, म्हणून जे आहेत ते एकमेकांना धरून असतात. एक सिस्टर येऊन समजावून सांगते.

आईनं खोलीभर नजर फिरवली. "लुगडी कुठायत रं?"

"येतील. बस जरा."

सिस्टरनं फळ्यावर रक्तातल्या गोल पेशी काढल्या, शेजारी विळ्यासारख्या वाकड्या काढल्या. या वाकड्या बारीक नसांत अडकतात, म्हणाली. आईनं जन्मभर मेंढरं राखलेली. ती मध्येच बोलली, "म्हंजी दारात एक मेंढरू आडवं झालं की मागची समदी तुंबत्यात, तसंच न्हवं?"

"अगदी तसंच. आणि गार पाण्यानं, दमल्यानं जास्त तुंबतात."

आई गप्प झाली. आई गप्प झाल्याचं मी आधी एकदाच पाहिलंय, ते तिचा दात काढला तेव्हा. मग हळू आवाजात तिनं नवसाचं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "नको हो मावशी. पुन्हा भरती करावं लागेल."

"मग देवाचं काय करू?"

आता डोळे भरले होते तिचे. कवठे महांकाळहून एक आजी नातीला घेऊन आली होती. ती पान लावता लावता म्हणाली, "आवं बाई, लग्नात गाठ मारली व्हती न्हवं दोघांची? मग अर्धं अंग ह्यो बसलाय की समोर. चांगला रेड्यावानी हाय."

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. बायको सगळ्यात आधी हसली.

आईनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "चालंल," म्हणाली. "देवाला वजनात जास्तच पडंल."

जत्रेच्या पहाटे आईनं आडाचं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मी असा ओरडलो की कवठे महांकाळपर्यंत ऐकू गेलं असणार. ती आजी शपथेवर सांगते, गेलं. पहिल्या दंडवताला मला देव आठवला, दुसऱ्याला देवाचे आईबाप. बायको ऊन पडल्यावर आली. अंगावर घोंगडं, पायांत मोजे, हातात कोमट पाण्याचा थर्मास. माझ्या शेजारून ती रमतगमत चालत होती आणि मध्येच सांगत होती, "कपाळ नाही टेकलं बरं का."

देवळाच्या पायरीशी आईनं तिचा हात हातात घेतला, दाबून बघितला. "दुखतंय का गं कुठं?"

"मला नाही, आई. यांना विचारा."

"त्येला काय हुतंय?" आई म्हणाली आणि सुनेच्या डोक्यावरून घोंगडं नीट ओढून घेत तिला उन्हात घेऊन बसली. मी तिथंच पायरीवर आडवा पडून राहिलो. दोघींचं हसणं ऐकू येत होतं, आणि उठायची मला काही घाई नव्हती.