विहीणबाई बरोबर ठरल्या

समस्त नातेवाईक, गल्लीतल्या बायका आणि यापुढे लेकीचं बाळंतपण करणाऱ्या तमाम माउल्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, तपासणीच्या रांगेतल्या भर गर्दीसमक्ष माझ्या विहीणबाई बरोबर ठरल्या.

डॉक्टरबाईंनी माझ्या लेकीच्या, पूर्वाच्या दंडावरचा पट्टा सोडला, लघवीचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "प्रीएक्लॅम्पसिया आहे. आत्ताच ॲडमिट करायचं."

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं, अंगावर सूज येते. वेळेत धरलं नाही तर आईला फिट येऊ शकते, बाळाची वाढ खुंटते, दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. हे मला डॉक्टरबाईंनी समजावलं. विहीणबाईंनी मात्र धुळ्याजवळच्या आपल्या गावात बसून, मोबाइलवरचा एक फोटो पाहून ओळखलं होतं. तो फोटो मीच पाठवला होता. मिरवायला.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने पूर्वा सातव्या महिन्यात सावद्याला माझ्याकडे आली. आली तेव्हा गालफडं बसलेली. मी मनात म्हटलं, बघते आता. डिंकाचे लाडू, भाकरीवर तूप, आमच्याच बागेतली केळी. नवव्या महिन्यात पोरगी अशी भरली की काय सांगू! गाल गोल, हात गोल, पाय गोल. तिला खुर्चीत बसवून मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'माहेरचं तूप!' आणि तो सरळ विहीणबाईंना धाडला. मला वाटलं, जरा जळतील.

पाच मिनिटांत फोन. त्या अहिराणीतच बोलतात, 'आहे'ला 'शे', 'माझी'ला 'मनी', आणि तेही मोजकं. "विहीणबाई, पोरना तोंडवर सूज शे. बांगड्या रुती राहिन्यात. आजच दवाखानामा लई जा."

माझ्या तुपाला सूज म्हणाल्या! मी गोड आवाजात म्हटलं, "अहो, तब्येत आहे ती. तुमच्याकडे कधी दिसली नाही ना, म्हणून ओळखू येत नसेल."

हा टोमणा मला त्या दिवशी फार आवडला होता. हे रविवारचं. सोमवारी पूर्वाचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी म्हटलं, पित्त. लिंबू-सरबत दिलं. मंगळवारी सकाळी ती पायात चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, "मम्मी, आईंचा परत फोन होता. तू येतेस का मी एकटी जाऊ?"

आई म्हणजे सासू. मला मम्मी म्हणते.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर इथे माझं ऐका, बाकी नाही ऐकलं तरी चालेल. चेहरा आणि हात सुजले, अंगठी-बांगड्या घट्ट झाल्या, डोकं सतत दुखलं, नजरेपुढे चमकलं, की ते बाळसं नाही आणि पित्तही नाही. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. आणि दर आठवड्याची तपासणी पाहुणे आले म्हणून पुढे ढकलू नका. मी ढकलली होती.

संध्याकाळच्या गाडीने विहीणबाई हजर. हातात एक पिशवी, त्यात दोन लुगडी, एक टॉवेल आणि मुगाची खिचडी. आल्या, सुनेच्या पायाशी बसल्या आणि पाय दाबायला लागल्या. मला एक शब्द नाही. 'मी सांगितलं होतं' असंही नाही! म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

वॉर्डात जी गोष्ट घडली ती सांगायला मला लाज वाटते, म्हणून सविस्तर सांगते. बुधवारी सकाळी मी पूर्वाजवळ होते. तिचं मन रमावं म्हणून माझ्या स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होते, अभिनयासकट. पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण हसून हसून टाके धरून बसली. सिस्टरने रक्तदाब मोजला, एकशे बावन्न बाय शंभर. दुपारी विहीणबाई बसल्या होत्या, मुक्या. एकशे चाळीस बाय नव्वद. संध्याकाळी परत मी, परत वर. सिस्टर तक्ता बघून माझ्याकडे बघायला लागली.

डॉक्टरबाई फार सभ्य. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा मोकळ्या हवेत बसा. पेशंटला शांतता हवी."

मी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. डबा तसाच परत आला. खिचडीचं भांडं मात्र घासल्यासारखं स्वच्छ. माझा जीव नुसता जळत होता. आपल्या पोटची पोर, नि ती दुसऱ्या बाईच्या हाताखाली शांत होते! त्या बाईला येतं काय? गप्प बसता येतं. बस, एवढंच.

गुरुवारी सदतीस आठवडे पूर्ण होत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या आजारावर खरं औषध म्हणजे प्रसूती. थांबण्यात अर्थ नाही." त्यांनी इंडक्शन करायचं ठरवलं, म्हणजे औषध देऊन कळा सुरू करायच्या. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. रक्तदाब आवरला नाही तर जळगावला हलवायचं.

मग सिस्टर आली. प्रसूतीच्या खोलीत घरची एक बाई सोबत राहू शकते. तिला बर्थ कम्पॅनियन म्हणतात. एकच. "पूर्वा, कोणाला घ्यायचं?"

मी एव्हाना पदर खोचला होता, बांगड्या वर सारल्या होत्या, चपलाही काढल्या होत्या.

पूर्वाने छताच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सासूबाईंना."

मी चपला परत घातल्या. त्यातली एक उलटी पडली होती, ती सरळ करायला मला बराच वेळ लागला.

बाहेर बाकावर मी पाच तास बसले. दार उघडलं की आतलं कानावर यायचं. विहीणबाईंचा आवाज, एकाच पट्टीत. "श्वास ले, माय. सोड. आते परत ले." मध्येच पूर्वा ओरडली, "आई गं!" मी बाकावरून उठले. मग आठवलं, मला ती मम्मी म्हणते. त्या वेळी कोणी माझा रक्तदाब मोजला नाही हे बरं.

दुपारी तीनला सिस्टर धावत बाहेर आली. वरचा आकडा एकशे चौसष्टवर गेला होता. तिने कोणाला तरी सांगितलं, "ॲम्ब्युलन्स दाराशी लावून ठेवा." डॉक्टरबाई समोरून भराभर आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला उठून दारावर धडका द्याव्याशा वाटत होत्या. पण रविवारचा फोन आठवत होता. तेव्हाच आणली असती तर दोन दिवस आधी औषध सुरू झालं असतं. आत जायची माझी इच्छा तिथल्या तिथे मेली. मी आत गेले असते तर रडले असते, आणि मी रडते तेव्हा चार घरांना कळतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हटलं, विहीणबाई, तुम्ही बाहेर येऊ नका. तिथेच बसा. अशाच बोला.

रक्तदाबाचं इंजेक्शन लागू पडलं. आकडा खाली आला. चारला दहा मिनिटं कमी असताना मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. बारीक आवाजात, पण रडली.

पूर्वाला बाहेर आणलं तेव्हा औषधाने डोळे मिटत होते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, "मम्मी, रागावू नको. तू आत असतीस तर मी तुलाच सांभाळत बसले असते."

मी काही बोलले नाही. हे वाचून माझ्या घरच्यांचा विश्वास बसणार नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "वजन कमी आहे, पण श्वास उत्तम, दूध ओढते आहे. कांगारू केअर द्या." म्हणजे बाळाला उघडं करून आपल्या उघड्या छातीशी धरायचं, वरून गुंडाळून घ्यायचं. आपल्या अंगाची ऊब हीच त्याची पेटी. आईला मॅग्नेशियम चालू असेपर्यंत घरच्या कोणत्याही निरोगी माणसाने केलं तरी चालतं. सिस्टरने विचारलं, "दोघींपैकी कोण?"

विहीणबाई दहा तासांनी अंघोळीला गेल्या होत्या. मी त्यांच्यासाठी थांबले असते. पण बाळाने कशाला थांबायचं?

सिस्टरने बाळ माझ्या छातीशी ठेवलं, फडक्याने बांधलं. "निदान एक तास. हलायचं नाही, हातवारे नाहीत, हळू बोलायचं." अशी शिक्षा मला शाळेतही कोणी दिली नव्हती. आणि बायांनो, ती नात माझ्या हाडाला चिकटून अशी श्वास घेत होती की मी बोलायचं विसरले. पावलं अंगठ्याएवढी. खाटेवर पूर्वा झोपली होती आणि तिच्या दंडावरचा पट्टा फुगत होता. मी समोर असून आकडा वर गेला नाही. सिस्टरने तो मला मुद्दाम दाखवला.

विहीणबाई ओले केस पुसत आल्या, थबकल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. मुक्या. मला मनापासून त्यांचे आभार मानायचे होते, रविवारच्या फोनबद्दल माफीही मागायची होती. मी हळू आवाजात दोन्ही केलं. त्यांनी मान हलवली, पण नजर माझ्या पदराखालच्या गाठोड्यावर. एक तास झाला. सिस्टर येऊन गेली. मी म्हटलं, झोप लागलीय हो तिला, राहू दे अजून थोडं. विहीणबाईंनी टॉवेल घडी केला, उलगडला, परत घडी केला. आणखी एक तास झाला. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

तेव्हा त्या उठल्या, आणि तीन दिवस माझ्याशी कुजबुजूनही न बोललेली ती बाई सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी कडाडली, "विहीणबाई, दोन घंटा व्हई गयात! नात मनी बी शे, आते मनाकडे द्या!"