अंगणातली उरलेली वाळू

तुला म्हणून सांगतो — नाहीतर ही गोष्ट अजून बायकोच्याही कानावर घातलेली नाही. गोष्ट वाळूची आहे. हसशील. मीही आधी ती हसण्यावारीच नेली होती.

आई गेल्यावर आप्पांना, माझ्या वडिलांना, मी बोरगावहून पिरनवाडीला आणलं. घर नवं, गल्लीत त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. माणसाचा दिवस जायचा कसा? म्हणून खडेबाजारातून काचेची पेटी आणि लाल मासे आणले. दुकानदार वाळूही देत होता. बायको म्हणाली, घेऊन टाका. मी म्हटलं, अंगणात ढीग पडलाय, वाळू कशाला विकत घ्यायची? घर बांधताना उरलेली, नदीचीच वाळू होती ती.

धुतली मात्र मी मन लावून. चाळून घेतली, बादलीत घालून ढवळली, गढूळ पाणी ओतून दिलं, पुन्हा ढवळली — पाणी नितळ निघेपर्यंत. पण नितळ पाण्यावरून काय कळतं? मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. शाळेतलं पातळ केलेलं ॲसिड आणून मूठभर वाळूवर टाकून पाहिलं. फसफसली. गवंड्यांनी त्याच ढिगाला लागून सिमेंट कालवलं होतं, ते वाळूत उतरलं होतं. असली वाळू पाण्यात चुना सोडते, मासे तगत नाहीत — हे मला ठाऊक नव्हतं? नववीच्या पोरांना मीच शिकवतो. पण बायको पायरीवर बसून बघत होती, आणि ‘मी म्हणत नव्हते?’ हे मला ऐकायचं नव्हतं. थोडंसंच तर फसफसलं, असं मनाशी म्हणून मी ती पेटीत अंथरली. दिसायला झकास दिसत होती.

आप्पा खूश झाले. आंघोळ झाली की चिमूटभर खाणं टाकायचे आणि माशांशी कानडीत बोलायचे. “बाजारातनं आल्यात रं, तितं समदी कानडीच बोलत्यात, त्यास्नी मराठी कुठलं कळायला,” म्हणायचे.

मग मासे एकेक करून तरंगायला लागले. शेवटचा गेला त्या सकाळी आम्ही सगळे पेटीभोवती उभे होतो. आणि मी — मला कुणी विचारलंही नव्हतं — मीच म्हणालो, “आप्पा, खाणं दोन-दोनदा टाकत हुतासा काय?”

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. “टाकलं असंल बाबा. ध्यानात न्हाय.”

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? दातखीळ बसली होती? नाही. सुटलो, असं वाटलं होतं. तेच सांगायची जास्त लाज वाटते.

मी दुकानातली वाळू आणून गुपचूप बदलली. नवे मासे आणले, ते जगले. आप्पा खाणं टाकेनात. “माज्या हातनं नगं,” म्हणाले. मग त्यांनी चहाला गॅस पेटवणं सोडलं, चालू राहिला तर काय घ्या. एकटं बाजारात जाणं सोडलं. आता जेवून हात पुसत सुनेला विचारतात, “मी जेवलो न्हवं गं?” त्याआधी त्यांना विसरायला होत होतं का? चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे. तेवढं मीही विसरतो.

मध्यंतरी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे विसरणं कधीपासून? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आप्पाच म्हणाले, “माज्या हातनं मासं मेलं, तवापासनं.” डॉक्टरांनी खात्री करायला माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली. गोळ्या सुरू झाल्या आहेत. रोज मीच देतो.