उत्तराची बाजू

आमच्या पापडी गावात हळदीची गाणी एकाच बाजूने म्हणत नाहीत. एक बाजू विहिणीला टोमणा मारते, दुसरी त्याला उत्तर देते. टोमण्याची बाजू माझ्या सासूबाईंची, उत्तराची त्यांच्या धाकट्या जावेची, म्हणजे आमच्या काकींची. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या दोघी खरंच भांडताहेत.

शहराचा कला महोत्सव सुरू झाला तेव्हा मैदानात एकच मांडव होता. कोपऱ्यात रांगोळ्या, मधे नाटक, आणि वेळ उरला की हळदीची गाणी म्हणणाऱ्या या बायका. पुढे नालासोपाऱ्यातून, गोखिवऱ्यातून मुलं येऊ लागली. नाच, एकांकिका, चित्रं, फोटोग्राफी, सगळ्यांची सोय वेगवेगळी झाली. मला त्याचं कौतुकच होतं, अजूनही आहे. पण लोकगीतांची स्पर्धा झाली आणि संघात किती जणी असाव्यात याला मर्यादा आली. "काकी, दोन टीम करा ना! बक्षिसाचा चान्स डबल," संयोजकांपैकी एकजण म्हणाला. बायकांना गंमत वाटली. दोन टीम झाल्या, टोमण्याची सासूबाईंची आणि उत्तराची काकींची.

गेल्या वर्षी सासूबाईंची टीम आधी उभी राहिली. टोमणा झकास जमला, लोक हसले. आणि सासूबाई सवयीने उत्तरासाठी थांबल्या. काकी समोरच बसल्या होत्या, नव्या साडीत. त्यांचा नंबर पुढचा होता.

"अगो, बोल ना," सासूबाई माइकवरच म्हणाल्या.

काकींनी परीक्षकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या टीमच्या गाण्यात तोंड घातलं तर बाद, असा नियम होता. सासूबाई तशाच उभ्या, शेवटी वेळ संपल्याची घंटा झाली. मग काकींची टीम चढली. त्यांनी दोन्ही बाजू बसवून आणल्या होत्या. टोमणेसुद्धा सासूबाईंचेच, शब्दन् शब्द. त्यांना बक्षीस मिळालं. मला इतका राग आला की मी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

आता माझ्या मुलीची हळद तोंडावर आलीय. परवा काकी आपणहून आल्या.

"ताई, गानी कधी बसवायची?"

सासूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. "तुला दोन्ही बाजू येतात. मी कशाला?" वर न बघताच त्या म्हणाल्या. काकींचा चेहरा पडला. त्या उठून दारापर्यंत गेल्या, तरी सासूबाईंनी थांबवलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरांना सांग, डीजे बोलवा."