बाईंचा चाकांवरचा तंबू

"काय झकास शिवलं वं माय!"

असं म्हणत बाईंनी जीपच्या हुडावरून बोटांची पाठ फिरवली. जीप त्यांचीच, जुनी. बुलढाण्यात माझं ताडपत्री आणि कॅनव्हास शिवण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं चुका काढायच्या आणि मी भांडायचं, ही रीत मला ठाऊक. बाई मात्र टाक्याटाक्याचं कौतुक करत चालल्या होत्या. मागच्या कोपऱ्याजवळ पोचल्या तेव्हा मीच म्हणाले, "तो कोपरा राहू द्या, बाई. घाईत शिवला. उसवून नीट करून देते."

"काऊन? चांगला त दिसून राह्यला."

"नाही दिसत," मी म्हणाले आणि स्वतःवरच चिडले.

गोड बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांना पुढे काहीतरी हवं असतं. बाईंना काय हवं आहे, याची मी बरेच दिवस वाट पाहिली. त्यांनी काही मागितलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या या बाई सगळ्यांशीच अशा बोलत, हे मला हळूहळू कळलं. बाजारात वांगी उचलून म्हणायच्या, "काय रंग आहे, मावशी!" मावशी खूश व्हायची, आणि मग पिशवीत हात घालून दोन वांगी परत काढायची. "हे नका नेऊ, बाई. किडके हायेत." मी तीस वर्षं त्याच मावशीशी हुज्जत घालते आहे. मला किडकी वांगी घरी गेल्यावरच सापडतात.

त्यांचे यजमान, आमचे काका, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर लोकांना गावोगाव पोचवलं आणि त्याच गाडीनं परत आले. सांची पाहायची, बुद्धगयेला जायचं, हे लग्नापासून ठरलेलं. आधी रजा मिळेना, मग मुलांची शिक्षणं, आणि सगळं उरकलं तेव्हा काकांचं हृदय थकलं. जिने चढायचे नाहीत, थोडं बसलं की आडवं व्हायचं. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "जायचं तर या हिवाळ्यात जा. पुढच्याचं मी सांगत नाही."

रेल्वे नको, लॉज नको. मग बाईंनी साठीत गाडी शिकायला घेतली. देऊळघाटच्या रस्त्यावर काका शेजारी बसून ओरडायचे, "अवं, क्लच आहे तो, पायपुसणं नाही!"

"किती छान शिकवता हो तुम्ही," बाई म्हणायच्या.

पुढचा गिअर काका हळू आवाजात सांगायचे.

गाडी चालवता येऊ लागली, आता वाटेत कुठेही आडवं होता येईल अशी सोय हवी होती. खामगावात एकांकडे जुना ट्रेलर-तंबू विकायला असल्याचं कळलं. जीपमागे जोडायची बुटकी ट्रॉली. झाकण उघडून पाइप उभे केले की कॅनव्हासची खोली तयार, आत फळीचा पलंग. कापड तपासायला बाईंनी मला सोबत घेतलं. घाट उतरताना मी बजावलं, "बाई, आज तोंड बंद ठेवा. वाखाणलं की भाव चढतो."

"हाव," बाई म्हणाल्या.

अंगणात तंबू उभा होता. बाईंनी भिंतीवर बोटांची पाठ फिरवली. "काय जपून ठेवलं हो भाऊ तुम्ही!"

मी कपाळावर हात मारला आणि कामाला लागले. कापड नखानं खरवडलं. शिवणी दोन्ही हातांनी ताणल्या. खालच्या कडेला बुरशीचे डाग शोधले. आत जाऊन पडदे बंद केले आणि उजेडाचे ठिपके दिसतात का पाहिलं. एकही दिसला नाही. छताला ताज्या रंगाचा वास होता, पण पाणी अडवायला असा हात मारतातच. बाहेर येऊन मी मान डोलावली. माल चांगला होता.

तोवर बाई मालकांच्या बायकोजवळ बसून चहा पीत होत्या. तंबू कुठे कुठे नेला, मुलं आत कशी झोपायची, सगळं विचारून झालं होतं. काकांचंही सांगून झालं होतं. मालक ऐकत होते. एकदम उठले आणि मला म्हणाले, "ताई, इकडं या."

त्यांनी छताचा मधला पाइप काढला आणि त्यानं झाकलेली घडी अंगठ्यानं दाबली. अंगठा आरपार गेला.

"एकदा ओलाच गुंडाळला होता. सडला. मी वरून रंग मारला." मग बाईंकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या मिस्टरांच्या अंगावर पाणी पडलं असतं."

किंमत त्यांनी स्वतःच उतरवली. मी म्हणाले, छत गेलं म्हणजे तंबू गेला, सोडा. बाई त्या भोकाकडे पाहत होत्या.

"बाकीचं कापड कसं आहे?"

"बाकीचं पक्कं आहे."

"मंग छत तू शिव."

परतताना मी विचारलंच, "बाई, हे तुम्ही मुद्दाम करता का?"

"काय?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी विषय सोडला.

छत मी शिवलं. दुहेरी शिवण घातली, मेण घासलं, वरून बादल्या ओतल्या, आणि कोपरे स्वतःच दोनदा उसवले. दिवाळीनंतर दोघं निघाले. फाटकापर्यंत यायला काकांना मध्ये खुर्ची द्यावी लागली.

सांचीहून फोन आला. तिथे अवकाळी पाऊस झाला होता. मी आधी छताचं विचारलं.

"कोरडं आहे वं. हे त उठलेच नाहीत, घोरून राह्यले होते."

बुद्धगयेत काकांनी अख्खा दिवस बोधिवृक्षाखाली काढला, थोडं बसून, थोडं आडवं होऊन.

"काही बोलले का?"

"सांजच्याले बोलले. म्हणे, इथून कुशीनगर किती दूर?"

त्याला आता बरेच दिवस झाले. ऊन वाढलं आहे. तब्येत विचारली की बाई म्हणतात, "तशीच आहे. पण जेवून राह्यले." परवा मी जरा रागावूनच म्हणाले, आता घरी या.

"ते ह्यांनी सांगावं, माय. गाडी मी चालवते. रस्ता ह्यांचा."

मागून काकांचा आवाज आला, डावीकडे घे म्हणून, आणि फोन बंद झाला.

गल्लीत त्यांच्या दारासमोर धूळ साचली आहे. दूधवाला मला विचारतो, कधी येणार? मी सांगते, माहीत नाही, तू रतीब दुसरीकडे लाव. काल मात्र दुकान बंद करून येताना मशीनची तेलाची कुपी सोबत आणली आणि त्यांच्या फाटकाच्या कुलपात थेंबभर सोडलं. बाईंनी निघताना माझ्याकडे ठेवलेली किल्ली फिरवून पाहिली. उघडतं.