आहेतकऱ्याचे मनोगत

आधी चहा संपवा, मग सांगते. मागे हा किस्सा ऐकताना माझ्या जावेनं कप अंगावर सांडून घेतला, आणि बोल मला लागला. माझी फजिती ऐकून हसायचं तर खुशाल हसा. मी मात्र फारशी हसत नाही.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. आमचं खेडं नरडाण्याजवळ, हायस्कूल नरडाण्याला. घरात, गल्लीत, विहिरीवर सगळीकडे खान्देशी बोली. पानी शे, ऊन शे, माय घरमा शे. म्हशीशीसुद्धा आम्ही तसंच बोलायचो. आणि पेपर कशाचा? तर मातृभाषा मराठी. आता मला सांगा, जी भाषा आमच्या मातेलाच येत नव्हती, ती आमची मातृभाषा कशी? पण हे विचारायची अक्कल तेव्हा कुठे होती?

मराठीचे सर पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण 'शे' कानावर पडलं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करायचे. प्रिलिमच्या आधी त्यांनी वर्गात बजावलं, "ज्याच्या पेपरात एक जरी 'शे' सापडला, त्याचा बोर्डाचा फॉर्म मी जाऊ देणार नाही."

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शब्द दिला होता. यंदा मॅट्रिक झालीस तर धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवतो. नाही तर यावलचं स्थळ तयारच होतं. केळीचे बाग, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा सातवी नापास. तो आत झोपलाय, म्हणून जरा हळू बोलते.

मग मी काय करावं? मी घरातून 'शे' हद्दपार करायला निघाले.

"भाकर तयार शे, जेवाले ये," मायनं चुलीपुढून हाक मारली.

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

"अव पोरी, भाकर तयार शे ना."

"आहे म्हण. त्याशिवाय उठणार नाही."

माय गोंधळली. भाकरी गार झाली, कालवण गार झालं. शेवटी ती दबक्या आवाजात म्हणाली, "भाकर तयार... आहे."

उठले बाई. व्हायच्या आधीच मास्तरीण झाले होते मी.

पण मायनं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. ती शाळेची पायरी चढली नव्हती. तिला वाटलं, 'शे' हे अक्षरच वाईट, आपल्या पोरीला नापास करणारं. एकदा नाना बाजाराला निघाले होते, ओट्यावर गल्लीतल्या बाया बसलेल्या, आणि मायनं आतून सांगितलं, "येतांना आहेंगा लयी या."

नाना थबकले. "काय लयी येऊ?"

"आहेंगा. भुईमुंगन्या."

बाया फिसकन हसल्या. माय पण त्यांच्यात हसली. मी तेवढी तणतणत बाहेर आले. "शेंगा, माय, शेंगा. कळत नाही तर बोलू नको. चार लोकांत लाज आणतेस."

तिचं हसू तिथंच विरलं. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणंच सोडलं. जेवायला बोलवायचं झालं तर परातीवर उलथणं वाजवायची. मी मनात म्हटलं, बरं झालं, अभ्यासाला शांतता मिळाली. अशी मी शहाणी.

प्रिलिमला निबंध आला 'शेतकऱ्याचे मनोगत'. पाठच होता. भराभर लिहून काढला. घंटेला थोडा वेळ होता, म्हणून पुन्हा वाचायला घेतला, आणि पहिल्याच ओळीत काय? 'मी जगाचा पोशिंदा शे.'

एक सापडला म्हणजे आणखी असणार. त्या दिवसांत मला शब्द दिसतच नव्हते, नुसती अक्षरं दिसायची. दिसला शे की मार काट, वर लिही आहे. एकालाही सोडलं नाही. घंटा झाली तेव्हा मला इतकं समाधान वाटलं की वाटेत मैत्रिणींना माझ्याकडची सगळी बोरं वाटून टाकली.

पेपर तपासून झाले आणि सरांनी नानांना बोलावणं धाडलं. बरोबर मायही आली, डोक्यावरून पदर घेऊन दाराशी उभी राहिली. सरांनी भर वर्गात वाचायला सुरुवात केली.

"मी जगाचा पोशिंदा आहे. मी आहेतकरी. आहेत हेच माझे सर्वस्व. आहेतात माझी आहेळी चरते. अडीनडीला आहेजारी धावून येतात."

पोरं बाकांवर आडवी झाली. नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सर, ही कोनती भाषा शे?"

"ते मीच तुम्हाला विचारतो आहे," सर म्हणाले.

तेवढ्यात दारातून मायचा आवाज आला. "ते शेत शे, सर. शेतमा शेयी चरस." मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं जीभ चावली. "आहे," ती म्हणाली. "शेत आहे."

अख्ख्या शाळेत माझा पेपर तिला एकटीला कळला होता. आणि मी लाजेनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

फॉर्म गेला नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बसवा. पण यावलवाले थोडेच वर्षभर थांबणार होते? उन्हाळ्यात अक्षता पडल्या, आणि मी या केळीच्या बागांत येऊन पडले. राग अजून जात नाही. सरांवर आहे, नानांवर आहे, स्वतःवर तर विचारूच नका.

माय पुढे पुष्कळ जगली. सुनांशी, नातवंडांशी, मांजराशीसुद्धा तिच्या बोलीत भरभरून बोलायची. मी माहेरी गेले की गप्प. वर्गात मास्तर आल्यावर पोरं बसतात तशी सावरून बसायची. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून मुद्दाम आमच्या बोलीत विचारलं, "माय, कसं वाटस तुले?"

तिनं जरा विचार केला. "बरं आहे."

"शे म्हण ना व माय."

तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "चुकनं का?"

मला मास्तरीण व्हायचं होतं ना? जन्मात एकच विद्यार्थिनी मिळाली, आणि ती पहिल्या नंबरानं पास झाली.